आधारची झेरॉक्स आणि फुटाण्याची पुडी

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात ऑनलाईन फसवणुकीवर अख्खं पान आलं होतं, ओटीपी सांगू नका, लिंक उघडू नका, पासवर्ड मजबूत ठेवा, सगळं बरोबरच होतं, त्यात वाद नाही. पण सोमवारी सकाळी माझ्या दुकानात एक काकाजी आले, तोच पेपर काखेत, म्हणे भाऊ हे वाचलं का, लय डेंजर काम सुरू आहे बाप्पा, घरबसल्या लुटून राहिले लोकांना. आणि हे बोलता बोलताच त्यांनी आधार, पॅन अन् बँकेचं पासबुक काउंटरवर ठेवलं, दोन-दोन कॉप्या काढायला लावल्या, त्यातली आधारची एक तिरपी आली ती बाजूला सारली, पैसे दिले अन् निघून गेले. तिरपी कॉपी तिथेच. काकाजींचा फोटो, जन्मतारीख, पत्ता, बाराच्या बारा आकडे, सगळं माझ्या चहाच्या ग्लासखाली.

मी सक्करदऱ्याकडे झेरॉक्सचं दुकान चालवतो, १४ वर्षं झाली. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, आणि कोपऱ्यात एक कॉम्प्युटर आहे त्यावर स्कॉलरशिप, पॅन, भरतीचे फॉर्म, लाईट बिल, जे येईल ते भरून देतो. मी काही सायबर एक्स्पर्ट नाही, हॅकर कसा दिसतो ते मला माहीत नाही, पण लोकांची कागदं कुठून कुठे जातात हे मी रोज पाहतो, आणि खरं सांगायचं तर त्यातली बरीचशी माझ्याच हातून गेलेली आहेत. तेच सांगायला हे पत्र लिहून राहिलो. छापायचं तर छापा.

चारेक वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारी संध्याकाळी बायको अन् पोरीला घेऊन फुटाळा तलावावर गेलो होतो, तिथे फुटाणे घेतले, पुडी पोरीच्या हातात. ती खाता खाता म्हणाली बाबा यावर एका बाईचा फोटो आहे. मी पुडी उलगडून पाहिली तर आधारची झेरॉक्स, फोटो तेलकट झालेला पण नंबर कोरा करकरीत. आणि कागदाच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ. ती रेघ मी झोपेतही ओळखली असती. तेव्हा माझ्या मशीनच्या ड्रमवर ओरखडा पडला होता, नवीन ड्रमचे पैसे वाचवायचे म्हणून मी दोन महिने तसंच ढकलत होतो, त्यामुळे माझ्या दुकानातून निघणाऱ्या प्रत्येक कॉपीवर ती रेघ यायची, गिऱ्हाईक कुरकुर करायचे अन् मी म्हणायचो चालते न भाऊ, वाचता येते न. बिघडलेल्या कॉप्या टेबलाखाली खोक्यात टाकायचो अन् महिन्याच्या शेवटी रद्दीवाल्याला किलोवर. रद्दीवाल्याकडून पुडीवाल्याकडे. सक्करदरा ते फुटाळा, शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्या बाईचं आधार पोहोचलं, अन् योगायोग पाहा, माझ्याच पोरीच्या हातात. बायको काही बोलली नाही, नुसतं त्या रेघेकडे बघितलं अन् मग माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या जोशात कागद फाडायचं मशीन आणलं. पहिल्या पावसाळ्यात ते बंद पडलं, ओलसर कागद अडकायचा. आता साधा प्रकार आहे, टेबलाखाली पाण्याची बादली, बिघडलेली कॉपी आधी फोटोवरून अन् मग नंबरवरून हाताने फाडायची अन् बादलीत, संध्याकाळपर्यंत लगदा होतो तो कचरागाडीत. रद्दीचे महिन्याला शंभर-दीडशे रुपये यायचे ते बंद झाले, झाले तर झाले.

पण कागदाचं तरी दिसते. न दिसणाऱ्याचं काय. पुडीनंतर मी दुकानाच्या कॉम्प्युटरचं डाउनलोड फोल्डर उघडून पाहिलं, म्हणजे तसं ते रोजच उघडत होतो, पण खाली खाली जाऊन कधी पाहिलं नव्हतं. साडेपाच हजारांच्या वर फायली निघाल्या, आधार, मार्कशीट, टीसी, जातीचे दाखले, सातबारे, एकाचा घटस्फोटाचा अर्ज. लोक प्रिंट काढायला पाठवतात, मी डाउनलोड करतो, प्रिंट मारतो, काम संपलं. गिऱ्हाईकही विसरतो अन् मीही, फाईल मात्र तिथेच. आणि त्या कॉम्प्युटरला पासवर्ड काय, तर दुकानाचं नाव, जे बाहेर बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे.

व्हॉट्सॲपचं तर विचारूच नका. दुकानाचा नंबर म्हणजे माझाच नंबर, सगळं जग त्याच्यावर कागदं पाठवते. एका रात्री जेवण झाल्यावर पोरगी माझा फोन घेऊन बसली होती, फोटोचं ॲप आपोआप जुने फोटो दाखवते न, "४ वर्षांपूर्वी आजच्या दिवशी" म्हणून, तसं काहीतरी सुरू झालं, खाली गाणं वाजतेय, आधी आमचा रामटेकचा फोटो, मग पोरीच्या वाढदिवसाचा, अन् मग कोणाच्या तरी वडिलांचा मृत्यूचा दाखला. गाणं वाजतच होतं. ती म्हणे बाबा हे कोण? मला काय माहीत कोण. कोणीतरी कधीतरी पेन्शनच्या किंवा बँकेच्या कामाला दोन कॉप्या मागितल्या असतील, ज्याने पाठवला त्याला आठवतही नसेल, अन् माझ्या फोनने तो नीट जपून ठेवला, वर क्लाऊडवर चढवला अन् वाढदिवसाच्या केकशेजारी लावून दाखवला. यात कोणी चोरी केली नाही, कोणी फसवलं नाही, सगळं आपोआपच झालं.

आता दुकानासाठी वेगळा फोन ठेवला आहे, त्यात फोटोंचा बॅकअप बंद, व्हॉट्सॲपवर आलेले फोटो गॅलरीत सेव्ह होऊ द्यायचे नाही हे सेटिंग केलं, आणि मेसेज २४ तासांनी आपोआप जातील असा टायमर सगळ्या नवीन चॅटला लावला. हे टायमरचं लोकांना माहीतच नाही, २४ तास, ७ दिवस नाहीतर ९० दिवस असं निवडता येते. तरी कॉम्प्युटरवर उतरवलेली फाईल राहतेच, ती हाताने पुसावी लागते, रिसायकल बिनमधूनही.

एक जुनी चूक राहिली सांगायची, ही जास्त लाजेची आहे. सुरुवातीच्या काळात फॉर्म भरायला पोट्टे यायचे, ईमेल आहे का विचारलं की नाही म्हणायचे, मागे लाईन लागलेली, मी म्हणायचो जाऊ दे माझा टाकतो. कधी मोबाईल नंबरही माझाच, कारण ओटीपी लगेच पाहिजे अन् पोट्ट्याच्या फोनला रिचार्ज नाही. असं करत करत माझ्या एका ईमेलवर १८० च्या वर लोकांची खाती उघडली गेली. म्हणजे माझ्या ईमेलचा पासवर्ड कोणाच्या हाती लागला असता तर १८० घरांच्या चाव्या एकदम. आणि पासवर्ड तरी काय होता, तर आडनावाला ॲट अन् १२३. हे कळल्यावर मी दोन महिने एकेकाला फोन करून बोलावलं, त्याचा स्वतःचा ईमेल काढून दिला, खातं त्यावर फिरवलं. काही सापडलेच नाहीत, नंबर बदललेले. आणि नंबर बदलणं ही वेगळीच कटकट आहे, कारण बंद पडलेला नंबर कंपनी ९० दिवसांनंतर दुसऱ्या माणसाला देऊ शकते, मग तुमच्या बँकेचा नाहीतर स्कॉलरशिपचा ओटीपी तिसऱ्याच माणसाकडे जाणार. सिम बदललं की लोक आधी सासरी अन् माहेरी कळवतात, बँक अन् ईमेल राहूनच जाते.

आता मी ईमेल काढून देतो अन् पासवर्ड टाकायची वेळ आली की मान वळवून बाहेर रस्त्याकडे बघतो. पोट्टे हसतात. काही काकू तर मोठ्याने पासवर्ड सांगायला लागतात, लिही बाबू, अन् मागे लाईनमधले सहा जण कान देऊन ऐकत असतात, मी म्हणतो काकू तुम्हीच टाका, तर म्हणे माझा चष्मा नाही.

लोक मला नेहमी म्हणतात भाऊ आमच्याकडे काय आहे चोरायला, खात्यात बाराशे रुपये. आता यांना कसं सांगावं, खात्यात पैसे नसले तरी नावावर कर्ज निघू शकते, नावावर सिम निघू शकते अन् ते सिम कोणी वापरलं की पोलीस तुमच्या दारात. आणि आधारवर अंगठा लावून पैसे काढायची जी सोय आहे गावागावात, तिथे आधार नंबर, बँकेचं नाव अन् बोटाचा ठसा एवढंच लागते, ओटीपी येत नाही. म्हणून आधारच्या वेबसाईटवर किंवा त्यांच्या ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करायची सोय आहे, फुकट आहे, दोन मिनिटं लागतात.

मी उत्साहाच्या भरात आमच्या शेजारच्या मावशीचं लॉक करून दिलं. महिन्याभरात मावशी रेशन दुकानातून थेट माझ्या दुकानात, पिशवी रिकामी, सगळ्यांसमोर, "माह्या अंगठाच घेत नाही म्हने मशीन, तू काय करून ठेवलं रे बाबू माह्या बोटाले." चूक माझी, लॉक असलं की रेशनच्या मशीनवरही अंगठा चालत नाही हे मी तिला सांगितलंच नव्हतं. मग ती रेशनला निघाली की आधी माझ्याकडे यायची, मी तिच्याच फोनवरून लॉक थोड्या वेळापुरतं उघडून द्यायचो, पण दहाच मिनिटं मिळतात अन् ते आपोआप परत बंद होते, म्हणून ती आता रेशनच्या लाईनमध्ये तिचा नंबर जवळ आला की मला फोन करते अन् मी धावत जातो. एकदा पोहोचायला उशीर झाला, दहा मिनिटं वाया, परत ओटीपी, परत सगळं. ती म्हणते हे कटकटीचं काम आहे. आहेच. पण मागच्या महिन्यात मीच म्हटलं मावशी काढून टाकू का लॉक, तर म्हणे नको, राहू दे, आता सवय झाली.

हे सवयीचंच मला तुमच्या त्या पानाबद्दल म्हणायचं होतं. असं पान आलं, किंवा ओळखीत कोणाला फसवलं, की आठ दिवस सगळे जागे. दुकानात येऊन विचारतात, भाऊ पासवर्ड बदलून द्या, हे ॲप काढून द्या. नवव्या दिवशी जैसे थे. माझंही तेच झालं होतं. पुडीवाल्या प्रकारानंतर पंधरा दिवस मी रोज फोल्डर साफ केलं, मग सीझन आला ॲडमिशनचा, अन् पुन्हा दोन हजार फायली. लक्षात ठेवून होत नाही हो हे. मग मी एक केलं, नवीन काहीच लक्षात ठेवायचं नाही, जे आधीपासून करतो त्यालाच हे बांधून टाकायचं. दुकानाचं शटर मी रोज पाडतोच, ते कधी विसरत नाही. तर शटर पाडायच्या आधी देवाच्या फोटोसमोरची उदबत्ती विझली का बघतो, गल्ला मोजतो, अन् त्याच्यामध्येच फोल्डर रिकामं करतो अन् ब्राउजरमध्ये कोणाचं जीमेल, कोणाचं व्हॉट्सॲप उघडं राहिलं का पाहतो. रोज एखादं तरी राहिलेलं असतेच. तीन मिनिटं. आता हात आपोआप जातो.

दुकानाचं भाडं एक तारखेला देतो. त्या दिवशी स्वतःच्या फोनचं बघतो, व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस म्हणून आहे तिथे आपलं खातं आणखी कोणत्या कॉम्प्युटरवर उघडं आहे ते दिसते, मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पोरीच्या ट्यूशनवाल्यांच्या कॉम्प्युटरवर माझं व्हॉट्सॲप आठ महिने उघडं होतं, एक प्रिंट काढली होती तिथे. झेरॉक्सवाल्याने दुसरीकडे प्रिंट काढली अन् लॉगआऊट विसरला, आता बोला. मग ॲप बघायचे, टॉर्चच्या ॲपला माझे कॉन्टॅक्ट काऊन पाहिजे, गेमला माईक कायले पाहिजे. जे महिनाभर उघडलं नाही ते काढून टाकतो.

आणि वर्षाचं मोठं काम मारबतीच्या दिवशी. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात काळ्या अन् पिवळ्या मारबतीची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते, बडगे म्हणून आणखी पुतळे निघतात, लोक ओरडतात रोगराई घेऊन जा गे मारबत, अन् शेवटी जाळतात. त्या दिवशी गर्दीमुळे दुकान दुपारपर्यंत बंदच असते, तर सकाळी मी अन् पोरगी चहा घेऊन बसतो. सरकारच्या संचार साथी वेबसाईटवर आपल्या नावावर किती मोबाईल नंबर आहेत ते दिसते, एका माणसाला जास्तीत जास्त ९ घेता येतात, माझ्या नावावर तीन दिसायला पाहिजे होते तर चार निघाले. पोटात गोळा आला. मग आठवलं, २०१६ मध्ये दुकानात काम करणाऱ्या पोऱ्याला मीच घेऊन दिलं होतं, तो केव्हाच पुण्याला गेला. कोणी फसवलं नव्हतं, माझाच विसराळूपणा. तिथूनच "हा नंबर माझा नाही" म्हणून कळवायची सोय आहे, पण हा तर माझाच होता, म्हणून दुकानात जाऊन बंद केला. क्रेडिट रिपोर्टही त्याच दिवशी काढतो, असे रिपोर्ट देणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो, नावावर न घेतलेलं कर्ज असेल तर त्यात दिसते. आणि आधार कुठे कुठे वापरलं गेलं त्याची यादी आधारच्या वेबसाईटवर बघता येते, पण ती मागच्या सहाच महिन्यांची असते, म्हणून ती एकदा मारबतीला अन् एकदा होळीला. साधारण सहा महिने पडतात. पोरगी म्हणते दोन्ही वेळेस जाळायचाच सण आहे.

पासवर्डबद्दल थोडं वेगळं मत आहे, एक्स्पर्ट लोकांना चालेल की नाही माहीत नाही. दर महिन्याला पासवर्ड बदला म्हणतात ते मला पटत नाही. मी पाहतो न लोक काय करतात, शेवटी १ होता त्याचा २ करतात, पुढच्या महिन्यात ३. त्यापेक्षा एकच लांबलचक, चार-पाच शब्दांचा, फक्त घरच्यांना हसू येईल असा काहीतरी, अन् ईमेलचा सगळ्यांपेक्षा वेगळा, कारण बाकी सगळे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात. बदलायचा तेव्हाच जेव्हा कुठे फुटल्याचा संशय असेल. आणि वहीत लिहून घरच्या कपाटात ठेवला तर माझ्या मते काही बिघडत नाही, कपाट फोडणारा चोर सोनं नेईल, वही नाही. फक्त आधारच्या पाठीमागे पेनने लिहू नका, हे मी दर आठवड्याला पाहतो, एटीएमचा पिनसुद्धा.

आधारची जी पीडीएफ डाउनलोड होते तिला पासवर्ड असतो म्हणून लोक निश्चिंत असतात. तो पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं अन् जन्माचं साल. फाईल ज्याच्याकडे आहे त्याला नाव अन् साल बहुतेक माहीत असतेच. मी दिवसाला वीस उघडतो, कोणाला विचारावंही लागत नाही. म्हणून डाउनलोड करताना मास्क्ड आधार निवडा, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. मी गिऱ्हाईकांना तेच काढून देतो, पण मग ते अर्ध्या तासाने परत येतात, तोंड पाडून, खिडकीवरच्या साहेबांनी परत पाठवलं, पूर्ण नंबरवालीच आणा म्हणे. यात साहेबांनाही किती दोष द्यावा, खुद्द आधारच्या बंगळुरूच्या ऑफिसने मे २०२२ मध्ये पत्रक काढलं होतं की आधारची झेरॉक्स कोणाला देऊ नका, मास्क्ड वापरा, अन् दोनच दिवसांत, लोक चुकीचा अर्थ काढतील म्हणून, ते मागे घेतलं गेलं. मग लोकांनी समजायचं तरी काय. ज्यांना पूर्ण कॉपी द्यावीच लागते त्यांना मी पेन देतो, कॉपीवर आडवं लिहा, "फक्त अमुक कामासाठी", तारीख टाका, सही करा, फोटोवरून थोडं जाऊ द्या. त्याने चोर थांबेलच असं नाही, पण ती कॉपी दुसऱ्या कामाला लावणं अवघड होते.

ऑफिसवाल्यांसाठी अजून एक, हे झेरॉक्सवालाच सांगू शकतो. मोठ्या डिजिटल मशीनमध्ये बऱ्याचदा हार्ड डिस्क असते. मी सेकंडहँड मशीन घेतली तेव्हा मेनू चाचपडताना आत आधीच्या मालकाच्या फायली निघाल्या, पगाराची पत्रकं वगैरे. मी पुसल्या. भंगारात किंवा एक्सचेंजमध्ये मशीन देताना कोणी हे बघत नाही, कॉम्प्युटरची डिस्क काढून घेतात अन् झेरॉक्स मशीन तशीच सोडून देतात.

कायद्याचं मला फार कळत नाही, पण २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे, आणि त्या नऊ जणांत आपल्या नागपूरचे शरद बोबडे साहेब होते, हे आमच्या चौकात कोणालाच माहीत नसते, ते सरन्यायाधीश झाले तेवढं माहीत असते. मग २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, अन् मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. दंड २५० कोटींपर्यंत लिहिला आहे, माझं दुकान, मशीन अन् मी स्वतः विकलो तरी शून्यं कमी पडतील. पण त्यातली एक गोष्ट मला एकदम दुकानातली वाटली, की माहिती ज्या कामासाठी घेतली ते काम संपलं की ती पुसायची. आमच्या धंद्यात काम दोन मिनिटांत संपते.

कपड्याच्या दुकानात बिलासाठी मोबाईल नंबर मागतात तेही असंच. ग्राहक मंत्रालयाने मे २०२३ मध्येच सांगितलं आहे की नंबरसाठी अडवून धरता येत नाही. मी बर्डीच्या बाजारात नाही म्हणतो तर पोरगा म्हणतो सर सिस्टीम घेत नाही, मी म्हणतो मग सामान ठेव बाबू, की लगेच सिस्टीम घेते. पहिल्या दोन-चार वेळेस लाज वाटते, मागचे लोक बघतात. आता बायकोही नाही म्हणते, माझ्यापेक्षा जोरात.

१९३० हा ऑनलाईन फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर दुकानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला आहे. मागच्या उन्हाळ्यात एका पोट्ट्याच्या वडिलांनी चलानच्या नावाने आलेलं ॲप इन्स्टॉल केलं अन् खात्यातून पैसे जायला लागले, पोट्टं धावत आलं, भिंतीवरचा नंबर बघून तिथूनच फोन लावला, थोडे पैसे अडकवून ठेवता आले. सगळे नाही आले.

आता शेवटी तुमच्याकडेच येतो साहेब, राग मानू नका. तुमच्या पेपरात महिनाभर कुपन चिकटवायची स्पर्धा असते, त्या तक्त्यावर नाव, पूर्ण पत्ता, मोबाईल, जन्मतारीख अन् घरात किती माणसं हे सगळं भरायचं असते, मागच्या वेळी तर ओळखपत्राची झेरॉक्सही जोडायला सांगितली होती. माझ्याकडेच चाळीस-पन्नास लोक काढायला आले, धंदा झाला, खोटं कशाला बोलू. पण बक्षिसाच्या डब्याच्या सेटसाठी जन्मतारीख काऊन लागते, अन् स्पर्धा संपल्यावर ते तक्ते कुठे जातात, हे एकदा छापून सांगा. रद्दीत जात असतील तर मला कळवा, बादली आहे माझ्याकडे.

पत्रासोबत नाव, पत्ता अन् मोबाईल नंबर पाठवणं आवश्यक आहे असं तुम्ही दर वेळी छापता, म्हणून वेगळ्या चिठ्ठीवर पाठवत आहे. फोन करून खात्री करून घ्या, मी सकाळी दहा ते रात्री साडेआठ दुकानात असतो. खात्री झाली की चिठ्ठी फाडा, आधी नंबरवरून.

आपला,
एक झेरॉक्सवाला
सक्करदरा, नागपूर